मायच्या नावानं पाठवलेले निरोप

बयनाबाईला लिहिता येत नव्हतं. थोरला लेक वैभव अंटार्क्टिकाच्या तळावर रडार सांभाळायला गेला, तेव्हापासून ती सांगायची आणि दहावीतली धाकटी लेक रुपा मोबाईलवर टाइप करायची. म्हणून बयनाबाई तापानं गेली तरी तिचे निरोप थांबले नाहीत. तिच्या नवऱ्यानं, चंपतरावांनीच तसं ठरवलं.

"सांगू नको त्याले. नोव्हेंबरपर्यंत जहाज नाही, सूर्य बी निघत नाही. काय करंल लेकरू तिकडं?"

"अन् मायचा आवाज ऐकव म्हणला तं, बाबा?"

"घसा बसला म्हण."

रुपानं आठ दिवस निभावलं. 'जेवला का बापू', 'आज वांगे तोडाले चालली', मायचं सगळं बोलणं तिला पाठ होतं. निरोप पाठवला की दर वेळी वाटायचं, माय मागच्या वाफ्यातच आहे. मग ती उठून मागं बघून यायची.

नवव्या दिवशी दुपारी वैभवनं रडारच्या पडद्याचा फोटो पाठवला. निळे-तांबडे पट्टेच पट्टे. खाली लिहिलं होतं, "माय, इथं आकाशात रंगीत उजेड पडते ना, तिथल्या विजेनं भारलेल्या हवेत लाटा उठल्या. निळं म्हणजे हवा रडारकडं येते, तांबडं म्हणजे दूर जाते. तीन तासांपासून येणं-जाणं चालूच हाय."

रुपा हरखलीच. हल्ली विज्ञानाच्या तासाला तीच उभी राहून बोलायची आणि मॅडम ऐकत राहायच्या. तिनं पट्टे मोजले, खालच्या वेळेशी ताडून पाहिले आणि भर्रकन लिहून टाकलं, "एक लाट पाच मिनिटांची दिसते. उत्तरेकडं गेलं की वेळ बदलते का?"

त्यानं वाचल्याची खूण उमटली. मग फोनच वाजला.

"रुपे," वैभव म्हणाला, "हे मायचं बोलणं नाही, तुयं हाय. आठ दिवसांत तिचा आवाज बी ऐकवला नाही. माय कधी गेली?"

घसा बसल्याचं खोटं रुपाच्या तोंडून निघेना. "आज नववा दिवस हाय, दादा. बाबा म्हणले का..."

"बाबाले बोल लावू नको." मग त्यानं विचारलं, "उद्या दहाव्याले माझ्या जागी केस कोण काढते?"

"काकाचा राजकुमार."

"काढू दे. मी बी काढतो. इथला स्वयंपाकी आमचे केस कापते, त्याले सांगतो. बाबाले दे."

रुपानं ओट्यावर जाऊन फोन बाबांच्या हातात दिला. "दादाले समजलं," ती म्हणाली.

चंपतरावांनी फोन कानाला लावला, केस काढायचं ऐकून घेतलं. "तिकडं थंडी लय हाय," ते म्हणाले. "केस काढले का डोकं झाकून घेजो."