चार तास न उठणाऱ्या गुरुजींचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरात प्लास्टिकची बाटली असते, तेव्हा माझी ओळख करून द्यायलाच हवी. माझे अंग पितळेचे, आतून कल्हई केलेली आणि तोंडावर आट्यांचे झाकण. ते फिरवून घट्ट बसवले की मला आडवे पाडले तरी थेंब सांडत नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

मला घडवले पुण्याच्या एका तांबटाने. ग्वाल्हेरचे कृष्णराव गुरुजी कुणाच्या लग्नाला तिकडे गेले होते, त्यांनी मला विकत घेतले. तेव्हापासून माझा मुक्काम ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी या वस्तीत. कृष्णराव सोवळ्याचे फार कडक होते. पूजा चालू असताना लघवीला उठले तर पुन्हा आंघोळ आणि पुन्हा धुतलेले धोतर, असा त्यांचा नियम. त्यांच्या पूजा आटोपशीर असत, त्यामुळे तो नियम निभावला.

त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाकडे, गोविंद गुरुजींकडे आलो. यांचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मोठमोठ्या पूजा यांच्याकडेच येत. दर श्रावणात फूलबागेजवळ विश्वासरावांच्या घरी लघुरुद्र असे, तिथे दहा भटजींच्या पुढे आमचे गुरुजी. "गुरुजी एकदा बसले की चार तास हलत नाहीत," असे लोक कौतुकाने सांगत. ते ऐकून गुरुजी आणखी ताठ बसत.

या कौतुकातली मेख मला एकट्यालाच ठाऊक होती. उठावे लागू नये म्हणून गुरुजी पाणीच पीत नसत. त्यांच्या पत्नी शामलाताई सकाळी मला काठोकाठ भरून देत आणि दुपारी मी तसाच परत येई. मग ते पाणी जास्वंदीच्या कुंडीत जाई. पाणी पाजण्यासाठी ज्याला घडवले, त्याला नुसते ओझे म्हणून हिंडवले तर कसे वाटेल? मला राग येई.

चाळिशीत एकदा गुरुजींच्या कमरेत अशी कळ आली की ते जमिनीवर लोळले. मूतखडा होता. लहान होता म्हणून औषधाने आणि भरपूर पाण्याने पडून गेला. मोठा असता तर दुर्बीण घालून फोडावा लागला असता. त्या महिन्यात मी दिवसातून चार वेळा रिकामा होत होतो. काय सुखाचे दिवस होते ते! दुखणे गेले आणि गुरुजी मला पुन्हा विसरले.

साठीनंतर वेगळाच त्रास सुरू झाला. लघवीची धार बारीक झाली, थांबून थांबून होऊ लागली. रात्री चार-पाच वेळा उठावे लागे. शामलाताई म्हणत, "अहो, डॉक्टरला दाखवून घ्या ना एकदा."

"वय झालं की होतंच. चार लोकांत काय सांगत फिरू?" गुरुजी म्हणत.

मागच्या श्रावणात लघुरुद्राच्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी दुकानातून एक गोळी आणून घेतली. सर्दीच्या काही गोळ्या अशा माणसाची लघवी पुरतीच अडवतात, हे आम्हाला नंतर कळले. तिसऱ्या तासाला त्यांचा आवाज कापला, कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा गुरुजी पूजेतून उठले. दहा मिनिटांनी त्यांनी न्हाणीघरातून हाक मारली, "विश्वासराव, मंजिरीला फोन करा. लघवी उतरत नाहीये."

मंजिरी म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत शिक्षिका. ती धावत आली. बाबांना तिने दवाखान्यात नेले, आणि मीही तिच्या पिशवीत होतो.

डॉक्टर गरिमांनी विचारले, "पंडितजी, कब से तकलीफ़ है?"

"बस, आज से ही," गुरुजी म्हणाले.

"बाबा, सच सांगा," मंजिरी म्हणाली. "आई चार वर्षांपासून मागे लागली आहे तुमच्या."

तेव्हा भिंतीकडे बघत गुरुजींनी सगळे सांगितले. नळी घातल्यावर लिटरभराहून जास्त लघवी निघाली, माझ्यातही मावली नसती एवढी. गुरुजींनी झोपल्या झोपल्या डॉक्टरांना हात जोडले.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितले. पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. बहुतेकांची ही वाढ साधी असते, पण तपासून खात्री करावी लागते. वेळेवर आलेल्या कित्येकांचे गोळ्यांवर भागते. गुरुजींच्या बाबतीत मात्र तुंबलेली लघवी मागे दाटून दोन्ही किडन्या सुजल्या होत्या, आणि किडन्यांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन, जे एकच्या आसपास असावे लागते, ते चारपर्यंत चढले होते. पंधरा दिवस नळी ठेवून बघायचे होते. किडन्या सावरल्या तर दुर्बिणीने ऑपरेशन, नाही सावरल्या तर डायलिसिसची तयारी.

ते पंधरा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. गुरुजी देवघराच्या दाराशी बसून राहत, आत जात नसत.

"नळी लावलेला माणूस सोवळं कसलं पाळणार?" एकदा ते म्हणाले.

"आंघोळ पुन्हा करता येते," शामलाताई म्हणाल्या. "किडनी पुन्हा कुठून आणायची?"

थोड्या वेळाने गुरुजींनी स्वतः मला हातात घेतले, झाकण फिरवले आणि डॉक्टरांनी सांगितले होते तेवढे पाणी प्यायले.

पंधराव्या दिवशी क्रिएटिनिन पावणेदोनवर आले. थोडी झीज राहणार होती, अधूनमधून तपासणी कायमची लागणार होती. पण डायलिसिस टळले. मंजिरी रिपोर्ट हातात घेऊन रडली. ऑपरेशन लघवीच्याच वाटेने झाले, पोटावर टाका नाही. काढलेल्या तुकड्यात कर्करोग नव्हता. नळी निघाल्यावर गुरुजी बाथरूममधून बाहेर आले आणि रुद्र म्हणायच्या आवाजात म्हणाले, "झाली!" सगळा वॉर्ड हसला. पुढे काही दिवस जळजळ झाली, लघवी लालसर होत होती, महिनाभर स्कूटर बंद होती. तेवढे सोसणे भागच होते.

या श्रावणात आम्ही पुन्हा विश्वासरावांकडे गेलो. दोन तास झाले आणि गुरुजींनी हात वर केला.

"थांबा. मी लघवीला जाऊन येतो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. गुरुजी गेले, आले, हातपाय धुतले, पिशवीतले दुसरे धोतर नेसले, आचमन केले. मग सर्वांसमोर माझ्यातले पाणी प्यायले आणि विचारले, "आणखी कुणाला जायचंय?"

मग सत्तरीचे विश्वासराव गुडघ्यावर हात ठेवून हळूच उठले.

"मला तासापासून जायचं होतं, गुरुजी. तुम्ही उठत नाही, म्हणून मीपण दर साली असाच बसून राहतो."

गुरुजींचा चेहरा उतरला. आपल्या ताठ बसण्याने आणखी कोण कोण अडकून पडले होते, हे त्यांना त्या क्षणी कळले असावे. त्यांनी विचारले, "रात्री कितीदा उठता?"

"चार-पाचदा."

"उद्या सकाळी मी तुम्हाला न्यायला येतो. डॉक्टर गरिमांकडे जाऊ."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तहान लागली की पाणी प्या, लघवी लागली की उठा, मग समोर कितीही मोठा कार्यक्रम चालू असो. आणि आज घरी गेल्यावर आजोबांच्या शेजारी बसून गुरुजींचा तोच प्रश्न त्यांना विचारा, "रात्री कितीदा उठता?" तुम्ही लाजला नाहीत, तर तेही लाजणार नाहीत.