साडेपाच ते सात

चिवड्याचा बकाणा तोंडात होता आणि नेमकी तेव्हाच बाहेरच्या खोलीतून सुमीतने हाक मारली. इंदिराने चावायचे थांबवले. मुरमुरे जिभेवर मऊ पडेपर्यंत ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली, मग आवाज न करता गिळून म्हणाली,

"काय रे?"

"पंखा बंद कर ना ताई. थंडी वाजून राह्यली."

मार्च संपत आला होता. हिंगणघाटात या दिवसांत थंडी वाजते ती फक्त डायलिसिस करून आलेल्या माणसाला. इंदिराने डब्याचे झाकण दाबून बसवले, हात धुतला, पदराने तोंड पुसले आणि बाहेर जाऊन पंखा बंद केला. सुमीत दिवाणावर पडला होता. डाव्या हातावर पट्टी होती. त्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले आणि पुन्हा टीव्हीकडे मान वळवली.

इंदिराचा हा भाऊ तिच्याहून बारा वर्षांनी लहान, चौतिशीतला. जिनिंगमध्ये काट्यावर होता, गाडी आत शिरताच कापसाचे वजन सांगायचा. लग्न ठरले होते. दोन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या गेल्या आणि त्यांच्यामागोमाग नोकरी गेली, मुलगीही गेली. समुद्रपूरचे घर बंद करून आई अनुसयाबाई आणि तो इंदिराकडे राहायला आले, कारण डायलिसिस इथे होते. अनुसयाबाई आपली किडनी द्यायला एका पायावर तयार होत्या, पण त्यांना साखरेचा आजार. राहिली इंदिरा. तिचे सगळे जुळले. नड एकच होती. वजन एक्क्याऐंशी, आणि वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, सत्तरवर आणा, नाहीतर तुमच्याच जिवाला धोका.

त्याच दवाखान्यात एका बाईने तिला एकटीला आत बसवून विचारले होते, "तुमच्यावर कोणाचा दबाव नाही ना? मोकळेपणाने सांगा, बाहेर कळणार नाही."

"नाही हो. माझाच तर भाऊ आहे," इंदिरा म्हणाली होती. बाईने ते लिहून घेतले. बाहेर आई दोन्ही हात जोडून बाकावर बसली होती.

घरी नवऱ्याला विचारावे, तर केशवराव एवढेच म्हणाले, "तुयं शरीर हाय, तूच ठरव." एसटीत वाहतूक नियंत्रक असलेल्या माणसाने बायकोलाही फलाटावर उभे करून सोडावे तसेच झाले ते.

पहिले तीन महिने इंदिराने कमाल केली. साखर सोडली, भात सोडला, पहाटे वेणा नदीच्या पुलापर्यंत चालू लागली. शहात्तरवर आली. ती नोकरीला होती त्या शाळेच्या कार्यालयातल्या प्रमिलाबाई तिचा आहाराचा तक्ता उतरवून घेऊन गेल्या. आणि मग, सत्तर आवाक्यात दिसू लागले तशी ती संध्याकाळची भूक सुरू झाली.

साडेपाच ते सात हा वेळ कोणी जन्माला घातला कोण जाणे! दिवसभर एका भाकरीवर आणि वाटीभर वरणावर राहणारी बाई शाळेतून घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच पोटात खड्डा पडायचा. तक्त्यात या वेळेला मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक लिहिले होते. ती इमानदारीने फुटाणे खायची, ताक प्यायची, आणि मग स्वयंपाकघरात काहीतरी विसरल्यासारखी परत जायची. एक मूठ म्हणता म्हणता चार मुठी होत. उभ्याने, दिवा न लावता. त्यात चव घेणे कुठले आले! रात्रीच्या जेवणाला मात्र ती सगळ्यांसमोर अर्धीच भाकरी घ्यायची, आणि आई म्हणायची, "माय वं, किती सोसून राह्यली माही पोरगी."

तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. कारण पलीकडे सुमीत बसलेला असायचा. त्याला दिवसाला एक लिटर पाणी, तेही मोजून. मीठ बंद, शेंगदाणे बंद, फळे बंद. तो घोटभर पाणी तोंडात बराच वेळ धरून ठेवायचा.

वजन सत्त्याहत्तर झाले तेव्हा अनुसयाबाईंनी शोध घेतला. डबा सापडला. त्यांनी तो अंगणात चिमण्यांना रिकामा केला, घासून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरलेला. पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. केशवरावांना संध्याकाळच्या चहाबरोबर चिवडा लागतो हे घरात सगळ्यांना माहीत. पण ज्याच्या घरात लेकाला घेऊन राहायचे, त्या जावयाला कोणत्या तोंडाने विचारणार? म्हातारी देवापुढे जास्त वेळ बसू लागली, एवढेच.

इंदिरालाही वाटायचे, हे नवऱ्याचेच काम. आपल्याला वाचवायला निघाला आहे बिचारा, असे मनात म्हणून तिने एकदोनदा त्याला रात्री साय घालून दूधही दिले.

एप्रिलमध्ये परीक्षा चालू होत्या, शाळा लवकर सुटली. बाजारातून येताना फरसाणाच्या दुकानापाशी तिला पाठमोरा सुमीत दिसला. तोंडाला मास्क, उन्हात हेलकावत उभा. दहा पावले चालला की ज्याला दम लागायचा, तो एवढ्या लांब आला होता.

"अर्धा किलो चिवडा. शेंगदाने जास्त टाक भाऊ," तो म्हणत होता. "अन् शेव ताजी हाय ना?"

इंदिरा एका उसाच्या गाड्याआड उभी राहिली. नुसते "सुमीत" म्हटले असते तरी पुरे होते. ती मागे वळली, दुसऱ्या गल्लीने गेली आणि मुद्दाम पाऊण तास उशिरा घरी पोचली. डबा भरलेला होता. त्या संध्याकाळी तिने रोजच्यापेक्षा जास्त खाल्ले.

पुढचे तीन आठवडे डबा भरत राहिला आणि रिकामा होत राहिला.

वजनाच्या दिवशी सुमीत तिच्याबरोबर वर्ध्याला गेला. ती यंत्रावर चढली तेव्हा तो आकड्याकडे पाहत नव्हता. त्याला बहुधा गरज नव्हती. एकोणऐंशी भरले.

"वाढलं की हो," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत. "तीन महिने पुढे ढकलू." मग त्यांनी सुमीतचा हात पाहिला, डायलिसिसची सुई लावतात ती नस दोनदा दाबली. ही नस आता दगा देते आहे, दुसरी करून पाहू, चालली तर चालली, असे त्यांनी हलक्या आवाजात सांगितले. तीन महिन्यांचे काही नक्की सांगता येणार नाही, हेही सांगितले. सुमीतने मान डोलावली.

परतीची गाडी अर्धी रिकामी होती. वायगाव मागे पडेपर्यंत दोघे खिडकीबाहेरची उजाड वावरे पाहत बसले.

"ताई, त्या दिवशी दुकानापाशी तू होती ना?"

कंडक्टर जवळून गेला, तेवढा वेळ तिला मिळाला.

"होती."

"मंग आवाज काऊन नाई देला?"

तिने उलट विचारले, "तू काऊन आनत होता ते?"

"तुले विचाराचं होतं, किडनी देतं का नाई म्हणून. मनापासून. तोंडानं विचारता येत नाई ना असं." तो पट्टीचे टोक नखाने दाबून बसवत होता. "वाटे, एखाद्या दिवशी तू तो डबा माह्या अंगावर फेकशीन. मंग मले समजलं असतं, तुले खरंच द्याची हाय."

"मले भेव वाटते रे सुमीत." तिला रडू फुटले. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिले. "पहिल्या दिवसापासून वाटते. चांगलं शरीर कापाले देऊन टेबलावर झोपाचं, अन् नाई उठली तर? कोणाले सांगू मी हे? मायले?"

"मले बी भेव वाटते," सुमीत म्हणाला. "पन मले नाई म्हणाची सोय नाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर तिने भांडून घेतले असते. गाडी हिंगणघाटला लागेपर्यंत ती डोळ्यांना पदर लावून बसली, आणि त्याने तिला बसू दिले.

अनुसयाबाई दारातच उभ्या होत्या. लेकीच्या तोंडाकडे पाहूनच त्या समजल्या असाव्यात, तरी त्यांनी विचारलेच.

"किती भरलं?"

"एकोणऐंशी," सुमीत चप्पल काढत म्हणाला. "माही चूक हाय, माय. तो डबा मीच भरत होतो. भाऊजी नाई. ताईले तर मालूमच नव्हतं."

अनुसयाबाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा हात उठला. दोन वर्षे ज्याला त्या फुलासारखे जपत होत्या, त्या लेकाच्या पाठीत त्यांनी एक मारली, दुसरी मारली, आणि "काऊन? काऊन रे मेल्या?" म्हणत मारतच राहिल्या. सुमीत डावा हात तेवढा पोटाशी धरून वाकला.

इंदिरा पायरीवर उभी होती. मला माहीत होते, एवढेच म्हणायचे होते. तिने तोंड उघडलेही. पण आईच्या त्या माराखाली आपण नाही, हे तिला कळले, आणि छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेल्यासारखे वाटले. तसे वाटले म्हणून तिला स्वतःची किळस आली, तरी तोंड मिटले ते मिटलेच.

ती दोघांच्या बाजूने आत गेली. पर्स खुंटीला लावली, पाय धुतले, चहाचे आधण ठेवले. बाहेर आता आई रडत होती आणि सुमीत तिला पाणी प्यायला सांगत होता.

सहा वाजायला आले होते. तिला भूक लागली होती.