दोन तासांचा बॅकअप

वारंगा फाट्यावर फोटो स्टुडिओ चालवणारा प्रेमदास राठोड माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्याचा कॉम्प्युटर आठवडाभर आतून कर्र कर्र करत होता आणि हा वरून थापट्या मारून काम भागवत होता.

त्या कॉम्प्युटरात बंजारा तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, भावसिंगच्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग होतं. त्या लग्नात नायकाचा बाप धनसिंगबाबा पहिल्या धारेची लावून असा नाचला की बँडवाले वाजवायचं विसरले. आठ दिवसांनी म्हातारा खपला. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणून जन्मभर कॅमेऱ्यापासून पळालेला माणूस. शेवटी बोलला ते खरं करूनच गेला म्हणायचा. नाच चालू होता तेव्हा भावसिंग मांडवामागं वराच्या रुसलेल्या मामाचे पाय धरत होता. अख्ख्या तांड्यानं बाबाचा नाच पाहिला, पोटच्या पोरानं तेवढा पाहिला नाही. आता तो रविवारी सीडी न्यायला येणार होता. आणि कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटवर प्रेमदासनं केव्हाच कुरुंद्याचं एक बारसं उतरवलं होतं. नवी कॅसेट घ्यायला जीव जातो ना!

कळमनुरीत कॉम्प्युटरचा क्लास घेणारा त्याचा दोस्त रत्नपाल म्हणाला, “प्रेम्या, तुझी डिस्क मरून राहिली. बाहेरून जोडायची दुसरी आण अन् आधी बॅकअप घे.”

प्रेमदासच्या डोक्यात त्यातले दोनच शब्द राहिले, ‘बाहेरून’ आणि ‘बॅकअप’. बारा-बारा तास लाइट जाणाऱ्या आमच्या मुलखात बॅकअप म्हणजे काय, हे शेंबडं पोरगंही सांगेल: लाइट गेल्यावर बॅटरी किती वेळ दम धरते तो. पण कॉम्प्युटरचा बॅकअप काहीतरी निराळा असेल, असं प्रेमदासनं धरलं आणि हिंगोलीला गुलाबचंदच्या दुकानात गेला.

“बॅकअप द्या. कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा.”

“किती वेळचा? अर्ध्या तासाचा आहे, दोन तासांचा आहे.”

लग्न कापून-छाटून, पंगतीसकट, बराबर दोन तासांचं झालं होतं. “दोनचाच द्या. काही जाणार तर न्हाई ना त्याच्यातलं?”

“लाइट गेली तरी काही जात नाही, सेठ.”

काचेच्या कपाटात एक छोटी चपटी डबी दिसली. “ह्ये काय?”

“हार्ड डिस्क. तीही बाहेरूनच लावतात.”

“हिचा बॅकअप किती?”

“हिला कुठला बॅकअप? लाइट गेली की बंद.”

प्रेमदास गालातल्या गालात हसला. तपकिरीच्या डबीत म्हणे पाचशे माणसांची पंगत मावणार! त्यानं दोन्ही हातांनी दोन तासांचा तो काळा डबा उचलला. बराच जड होता. नायकाचं लग्न होतं, जड असायचंच.

घरी येऊन डबा जोडला. बायको शिला म्हणाली, “लग्न गेलं का ह्याच्यात?”

“आपोआप जाते. तुला काय कळते त्यातलं?”

दुपारी लाइट गेली. फाट्यावरचे सगळे पंखे थांबले, पण प्रेमदासचा कॉम्प्युटर चालूच. त्यानं शेजारचा चहावाला, पंक्चरवाला, सगळे बोलावून दाखवलं. त्यांच्यादेखतच कॉम्प्युटर कर्र झाला, टक् झाला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ आली. डबा मात्र इमानदारीनं पीं पीं करत राहिला.

रत्नपालनं येऊन कॉम्प्युटर उघडला. मग बॅटरीच्या त्या डब्याकडं नजर गेली आणि तो हसता हसता खालीच बसला. प्रेमदासचं तोंड पाहिल्यावर थांबला. “डिस्क पार खरवडली रे. आता काई निघत न्हाई.”

रविवारी भावसिंग आला. पिशवीत नवाकोरा सीडी प्लेअर. प्रेमदासला सारवासारव सुचत होती, पण तो प्लेअर पाहून त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. आता कानफटात बसेल म्हणून उभा राहिला. बसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भावसिंग पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला.

“तू किती येळा पायला?” त्यानं विचारलं.

“काय, नायक?”

“बाबाचा नाच.”

“कापताना, जोडताना... पन्नासेक येळा तरी. पाठच झाला.”

“मंग कर.”

प्रेमदासला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोट सुटलेलं, त्यात दारात शिला उभी. पण नायकाच्या तोंडाकडं बघून त्यानं फोटोमागचा पडदा काढून धोतरासारखा गुंडाळला आणि हात वर केले. आधी डावा पाय, गुडघ्यात वाकून. मग तिथं नसलेल्या ढोलवाल्याच्या पोटात कोपर. मग स्वतःभोवती गिरकी आणि तोल जाताना पागोट्याला धरलेला हात.

“इथं धोतर सुटलं,” धापा टाकत प्रेमदास म्हणाला. “एका हातानं धरलं अन् तसेच नाचले.”

भावसिंग खदखदून हसला. हसता हसता रडायला लागला, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. मग त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि स्टूल पुढं ओढलं.

“परत लाव,” तो म्हणाला. “पयल्यापासून.”