जावईबापूंचं ऑपरेशन

सलूनवाल्याच्या बोक्याला सगळी गल्ली जावईबापू म्हणायची. जेवणाला हजर, एरवी गायब, आणि मानपानात जरा कमी पडलं की पाठ फिरवून बसायचा, म्हणून. बाहेर उंडारायचं, दुसऱ्या बोक्यांशी मारामाऱ्या करायच्या आणि फाटका कान घेऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत येऊन झोपायचं, एवढाच त्याचा उद्योग. सलूनवाल्याला त्याचं कोण कौतुक! गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता तो जावईबापूंचे पराक्रम रंगवून सांगायचा.

एकदा पराक्रम अंगाशी आला. चावलेल्या जागी पू झाला आणि एक गाल लिंबाएवढा सुजला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गळू फोडून साफ केलं, औषध दिलं आणि सांगितलं, की हा असा फिरत राहिला तर हे असंच होत राहणार. शिवाय चाव्यांतून बरे न होणारे आजारही लागतात. तेव्हा नसबंदी करून टाका, म्हणजे स्वारी घरात टिकेल.

सलूनवाला तोंड पाडून दुकानात आला. तात्या खुर्चीत होते. तात्या म्हणजे निवृत्त लाइनमन. डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, तरी हजेरी चुकवत नसत. सगळं ऐकून त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"आज बोक्याचं," ते म्हणाले, "उद्या कोणाचं?"

बाकावर बसलेल्या दोघांनी पायावर पाय टाकले.

मग काय, सलूनवाल्याची चालढकल सुरू झाली. आज बोक्याला सर्दी आहे, उद्या हवा बरी नाही, परवा दुकानात गर्दी आहे. तेवढ्यात जावईबापू पुन्हा मार खाऊन आले. या वेळी शेपटीच्या बुडाशी सूज होती. ताटलीकडे न बघता तो कपाटामागे जाऊन बसला आणि सलूनवाल्याने हात लावताच गुरगुरला. आजवर तो त्याच्यावर कधी गुरगुरला नव्हता. सलूनवाल्याला ते फार लागलं.

बायको दारात उभी होती. "अहो, तुमचं काही कापत नाहीयेत," ती म्हणाली. "त्याचं कापतायत. ते तरी होऊ द्या."

जखम भरल्यावर तिनेच सूत्रं हातात घेतली. झाकणाची टोपली आधीपासूनच खोलीत उघडी ठेवली, आत नवऱ्याचा जुना एप्रन अंथरला. जावईबापूंना वास ओळखीचा, ते आपणहून टोपलीत झोपू लागले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने खिडक्या लावल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या वेळेला ताटली उचलली. सकाळी टोपलीवर चादर टाकली, की रस्त्यावरचे कुत्रे दिसायला नकोत. बोका शांतपणे दवाखान्यात पोचला. घाम फुटला होता तो सलूनवाल्याला. बोक्याला आत नेल्यावर यालाच बाकावर आडवं करून पाणी पाजावं लागलं. आतलं काम उरकलं तेव्हा हा नुकता उठून बसत होता.

घरी आणल्यावर जखम चाटू नये म्हणून बोक्याच्या गळ्यात प्लास्टिकची कॉलर होती. तो कॉलरसकट टेबलाच्या पायांवर आपटत फिरायचा आणि चिडायचा. बायकोने दुकानामागच्या खोलीत अंधार करून त्याला निजवलं, शेजारी पाणी आणि रेतीचा ट्रे ठेवला. सलूनवाल्याने दुकानातला ड्रायर बंद ठेवला. गिऱ्हाइकं ओल्या डोक्याने घरी गेली. मंडळी भेटायला आली ती मयताला आल्यासारखी, हळू आवाजात. तात्यांनी तर जाताना सलूनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

जखम सुकली. पुढच्या काही आठवड्यांत बोक्याचं भटकणं खरंच कमी होत गेलं. समोरच्या भिंतीवरून पिवळ्या बोक्याने गळा काढून आव्हान दिलं. जावईबापूंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कूस बदलली. बाकावरच्यांना वाईट वाटलं. सलूनवाल्यालाही क्षणभर वाटलं, मग त्याने बोक्याचा गुळगुळीत गाल खाजवला आणि बोका घरघरू लागला.

एका दुपारी तो तात्यांच्या मांडीवर चढून बसला. असं तो पूर्वी कोणाच्याच मांडीवर बसत नसे. केस कापून झाले तरी तात्या उठेनात. दुकान रिकामं झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"त्या डॉक्टरीणबाई कुठल्या वारी असतात?"

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मुलीचा कुत्रा सारखा कुंपणावरून पळतो," तात्या घाईघाईने म्हणाले. "कुत्र्यासाठी विचारतोय."