काशिवाची तीन पानं

आमच्या कंपनीनं आता पाहुण्यांसाठी एक मोठं दालन बांधलंय. तिथं पांढरे हातमोजे घातलेली एक गोड मुलगी छडी उचलून सांगते, की 'आकी' गाडीच्या नाकावरची तीन लाल पाती म्हणजे नदी, रस्ता आणि उद्याचा दिवस. लोक माना डोलावतात. मला म्हातारीला मान म्हणून पहिल्या रांगेत बसवतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नदी म्हणे! नदीनं काय केलं ते मला विचारा की.

आकिनागा हे माझ्या वडिलांचं घराणं. वडील, गेनशिची, हामामात्सूत कापड विणायचे माग बनवायचे. युद्धात कारखान्याचं छप्पर गेलं, माझा भाऊ गेला, आणि घराण्याला पुढे न्यायला उरले मी एकटी. म्हणून तेइसाकूंना घरजावई करून आणलं. आमच्याकडे घरजावई म्हणजे नुसता सासऱ्याकडे राहणारा नव्हे. त्यानं आपलं आडनाव टाकायचं, सासऱ्याला बाबा म्हणायचं आणि मेल्यावर हाडंसुद्धा सासऱ्याच्याच थडग्यात द्यायची. लग्नाच्या अंगरख्यावरही आमच्याच घराण्याचं चिन्ह होतं, ससाण्याची दोन पिसं. ह्यांचा स्वतःचा काळा अंगरखा, पाठीवर काशिवाची तीन पानं असलेला, ह्यांच्या आईनं घडी घालून कापडात बांधला आणि परत डोंगरात नेला.

तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे धाकटे, थोरले भाऊ मांचुरियाच्या आघाडीवरून परत येतील आणि ओकुयामांचं, म्हणजे ह्यांचं जन्माचं घर चालवतील असंच सगळे धरून चालले होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत निरोप आला की ते येणार नाहीत. तेनर्यू नदीच्या वरच्या अंगाला, ढगात बुडालेल्या त्या घरात माझ्या सासूबाई इनो तेवढ्या राहिल्या. देव्हाऱ्यात पूर्वजांच्या नावाच्या पाट्या, त्यांना रोज भात दाखवायचा आणि बोलत बसायचं.

काशिवाचं झाड तुम्हाला माहीत आहे का? मे महिन्यात तांदळाची गोड मोची ज्या पानात गुंडाळतो, ते. थंडीत ती पानं वाळून कडकडीत होतात, पण गळत नाहीत. नवा कोंब फुटल्याशिवाय जुनं पान फांदी सोडत नाही. म्हणून तर ओकुयामांच्या कुठल्याशा पूर्वजानं ते चिन्ह घेतलं होतं. हे सगळं मला ह्यांनीच सांगितलं, एकदाच.

मागांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा ह्यांनी कारखान्यात माल वाहायची तीनचाकी बांधली. माणूस वेडा झाला होता तिच्यापायी. पहिली गाडी उभी राहिली त्या दिवशी वडिलांच्या पुढ्यात हात टेकून म्हणाले, नाव आकिनागाच असू दे, पण पुढच्या पत्र्यावर ओकुयामांची पानं लावू द्या. वडील तापले. घरजावयाच्या मागच्या घराचं चिन्ह आमच्या मालावर? लोक तोंडात शेण घालतील. पण गाडी ह्यांनी बांधली होती आणि वडिलांना ते कळत होतं. दोन दिवस कुरकुर करून त्यांनी होकार दिला.

ह्यांचा आनंद काय सांगू! नव्या वर्षाला आईकडे गेले आणि सांगून आले, आपलं घर बुडत नाही, आपली पानं आता जपानच्या प्रत्येक रस्त्यावर फिरणार. सासूबाईंनी तेव्हाच ते देव्हाऱ्यातल्या एकेका पाटीला नाव घेऊन सांगितलं म्हणे.

चूक झाली ती इथं. ह्यांना पानं हवी होती ती अगदी अंगरख्यावर असतात तशी. काळ्याभोर पत्र्यावर गोल, आणि गोलात पांढरीशुभ्र तीन पानं. रेघ न रेघ तशीच. माइसाका बंदरावरचा मासळीवाला पहिला गिऱ्हाईक. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "गाडी झकास आहे हो, पण काळा अंगरखा घालून मयताला निघाल्यासारखी दिसतेय. हिच्यातले मासे कोण घेईल?"

एकदा कुणी म्हटलं की संपलं. मग टोफूवाल्यालाही ते दिसायला लागलं, संत्रीवाल्यालाही. हे जीव तोडून सांगायचे, अहो, लग्नातही हाच काळा अंगरखा घालतो आपण! वडील म्हणाले, "युद्ध संपून किती दिवस झालेत? लोकांनी त्या कपड्यात लग्नं किती पाहिली आणि मयतं किती पाहिली, तू सांग."

गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. कामगार येऊन नुसतेच झाडलोट करून जायचे. शेवटी वडिलांनी ह्यांना बोलावलं. 'आकिनागा' हे नाव जुनाट वाटतं, 'आकी' एवढंच ठेवू म्हणाले. आणि चिन्ह काढ. ह्यांनी पुन्हा जमिनीला कपाळ टेकलं. आईला शब्द दिलाय म्हणाले. वडील काही कसाई नव्हते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलंय. म्हणाले, "बरं, तीन पानं राहू देत. पण ती पानं आहेत हे कुणाला कळता कामा नये."

आता बोला! ह्याला दया म्हणायची की काय म्हणायचं, मला आजतागायत कळलेलं नाही.

चिन्हाचा लाकडी साचा ह्यांनीच कोरला होता, तो ह्यांनीच कानस घेऊन घासायला घेतला. आधी भोवतालचा गोल गेला. साचा वडिलांना दाखवला, ते म्हणाले, अजून दिसतंय. मग पानांच्या शिरा गेल्या. अजून दिसतंय. देठ गेले, कडांची नक्षी गेली, टोकं वरची खाली झाली. मी चहा घेऊन जायचे तर हे भुश्शात बसलेले, हात चालूच. शेवटी तीन गुळगुळीत पाती तेवढी उरली. त्यांना लाल रंग दिला आणि वडील म्हणाले, आता ठीक आहे.

गाडी हातोहात खपली. कुणी म्हणे ती माशाची शेपटी आहे, कुणी म्हणे विमानाचा पंखा. मासळीवाल्यानं तर दोन घेतल्या.

ह्यांनी आईला काही कळवलं नाही. आणि त्याच सुमाराला नदीवर धरण बांधायचं ठरलं. सासूबाईंचं गाव पाण्याखाली जाणार होतं. शेजारीपाजारी सामान बांधून निघाले, सासूबाई हलेनात. मग त्यांचा निरोप आला: आपल्या पानांची गाडी घेऊन ये, तिच्यात बसून येते.

आम्ही दोघं गेलो. वाटेत मी विचारलं, काय सांगणार आहात? हे समोर बघून चालवत राहिले. सासूबाई दारात उभ्या होत्या, ठेवणीतला किमोनो घालून. पाट्या छातीशी बांधलेल्या, आणि बगलेत ते कापडाचं गाठोडं, ह्यांचा जुना अंगरखा. गाडी थांबली तशा हळूहळू पुढे आल्या, वाकल्या आणि त्या लाल पात्यांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. वाटलं, ओळखतील. आईच ती, ओळखेल.

"छान घडवलंय," त्या म्हणाल्या. "हे कुणाच्या घराण्याचं?"

हे म्हणाले, "आकिनागांचं, आई."

त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि त्या चिन्हाला कमरेत वाकून नमस्कार केला. "माझ्या पोराला सांभाळलंत," म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, की आपली गाडी का नाही आणली? हे म्हणाले, ती दुसऱ्या कामावर गेलीय. एवढंच सुचलं त्या माणसाला.

सासूबाई आमच्याकडे राहिल्या त्या रस्त्याकडच्या ओसरीवर. सकाळी देव्हाऱ्यापुढे भात ठेवायच्या आणि उशी घेऊन बाहेर येऊन बसायच्या. तो कोरडा, बोचरा वारा सुटला तरी आत यायच्या नाहीत. गाडीचा आवाज आला की मान उंच करायच्या. आमचाच रस्ता तो, कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी तिथूनच जायची. मला सांगून टाकावंसं वाटायचं. हे नजरेनं अडवायचे.

त्या गेल्या तेव्हा ह्यांनी ससाण्याच्या पिसांचा अंगरखा घातला. आकिनागांच्या माणसाला दुसरा घालता येत नाही. सासूबाईंच्या गाठोड्यातला तो जुना अंगरखा आम्ही त्यांच्याबरोबरच जाळला.

शेवटच्या आजारपणातही त्या ओसरीवरच पडून असायच्या. संध्याकाळी दार लावायला गेले की मला म्हणायच्या, "तोमिए, आजही आपली गाडी गेली नाही गं." आणि मागून एक आकी धडधडत जायची.