बर्फात जपलेलं इन्सुलिन

“डॉक्टरांनी डोस आणखी वाढवला? आणा बघू ती बाटली,” शहागंजातल्या आपल्या औषधांच्या दुकानात बद्रीनाथ म्हणाला.

आक्काबाईनं पिशवीतून कापडात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली काढली. तिचा नवरा मुंजाबा बाहेर पायरीवर पट्टी बांधलेला पाय लांब करून बसला होता. गंगापूरकडचा मेंढपाळ, त्यात साखरेचा आजार. अंगठ्याची जखम भरेना. आठ दिवसांत साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

“रोज टोचता ना? खरं सांगा.”

“खोटं बोलाया मी काय तुमाला मेंढरू इकायले?”

बद्रीनाथनं बाटली तळहातांत घोळवली. आतलं औषध एकसारखं दुधाळ व्हायला हवं. इथं काचेला पांढरे कण चिकटून राहिले. नुसत्या चालीवरून गिऱ्हाइकाचं दुखणं ओळखतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचाही थोडाफार हात होता. बाटली ठेवता कुठं, एवढं मात्र त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. आज विचारलं.

“गावातल्या काकासाहेबाच्या दुकानात, कुल्फीच्या पेटीत,” आक्काबाई अभिमानानं म्हणाली. “पार तळाला, बर्फाखाली. तुमीच म्हनले व्हते ना, थंड ठेवा? रोज सकाळी चालत जाऊन आणते.”

बद्रीनाथचा चेहरा उतरला. “अहो, गोठलं की त्याचा गुण जातो. तुम्ही जवळजवळ पाणीच टोचत होता.”

आक्काबाईनं बाटली उचलून उजेडात धरली. “म्हंजी माज्याच हातानं...”

“तुमच्या नाही. दोन शब्दांत मी उरकलं.”

त्यानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. चांगल्या औषधाचा वाढीव डोस मुंजाबाला झेपला नसता. डॉक्टरांनी तो कमी करून दिला. मग बद्रीनाथनं नवी बाटली झाकणाच्या डबीत घातली. बर्फ नको, गारव्यापुरतं मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधे ओली वाळू, आत डबी, असं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

“कळलं हो! म्या काय शाळेत हाये?”

आठव्या दिवशी साखर दोनशेच्या आत आली. अंगठा राहिला.

दोन महिन्यांनी मुंजाबा एकटाच आला. बद्रीनाथ काउंटरमागून बाहेर येऊन थेट पायरीवर बसला आणि त्याचा पाय मांडीवर घेतला.

“उठा साहेब, लोक बघायलेत! पाया पडता का काय?”

अंगठा काळपट, सुरकुतलेला, पण कोरडा होता. बद्रीनाथनं तो हलकेच दाबला.

“कळतंय?”

“कळतंय म्हंजी? दुखायलंय!”

“झकास, म्हणजे जीव आहे त्यात,” बद्रीनाथ म्हणाला. आत तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. तो पाय धरून तसाच बसून राहिला.