सावलीत बसा ना जी

माझी सून मथुरा घरात येत नाही. भांडण नाही, तंटा नाही. डोक्यावर छप्पर आलं की तिला ते पडताना दिसतं. मजुरांच्या कॅम्पात आमची कवेलूच्या छपराची एकच खोली. ही बया अंगणात भर उन्हात बसते आणि तिथेच निजते.

भंडाऱ्याकडची शेती सोडून आम्ही भिलाईला आलो, तेव्हा कारखाना नुसता उभा राहत होता. माझा सुखराम बांधकामावर लागला. शिवरात्रीनंतर एकदा मथुरा त्याच्यासाठी भात घेऊन गेली. तो उघड्यावरच जेवायला बसत होता. ही म्हणाली, "सावलीत बसा ना जी." तो हसत उठला आणि अर्धवट शेडखाली जाऊन बसला. वरून लोखंडी तुळई सुटली.

माझ्या पोटचा गोळा गेला. मी ऊर बडवला आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. मथुरेची सोंगं पाहून माझं डोकं फिरायचं. शेजारच्या सुपेल्याहून झाडफूक करणारा बैगा आणला, त्याला लिंबू उतरवायला सावलीत चटई टाकली, तर ही त्याच्यावरच किंचाळली, "उठा तिथून, उठा!" तो दक्षिणाही न घेता पळाला.

पण नात मैना लहान. तिलाही ही सावलीत पाऊल टाकू देईना. मी पोरीला आत ओढायची, ही बाहेर.

आज दुपारी पोरीला ऊन लागलं. डोळे फिरवले तिने. मी तिला उचलून आत आणलं, ओल्या लुगड्यात गुंडाळलं, तळव्यांना कांदा चोळू लागले. दारातून मथुरा ओरडत होती, "आत्याबाई, बाहेर आना तिले! छप्पर पडून राह्यलं!"

"काई नाई पडत! तुह्या उन्हानं पोरगी मरून राह्यली, समजते का तुले?"

ती उंबरा ओलांडून आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं, देव पावला. तर ती धावत जाऊन मैनावर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून घेतलं.

"आई, गरम होते," मैना पुटपुटली.

"होऊ दे माय. आता माह्यावर पडन."

मी तिला खांद्याला धरून ओढलं, केसांना धरून ओढलं. हलेना. तापलेलं पोर तिच्या अंगाखाली गुदमरत होतं. शेवटी मी उभी राहिले, दोन्ही हात कवेलूंकडे वर केले. "हे पाह्य, म्या धरलं छप्पर! नाई पडत आता. ऊठ!"

तिने मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं.

"त्याईनं बी असेच हात वर केले होते, आत्याबाई."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. खाली मैना कण्हत होती, तिच्या अंगावर पाणी ओतायला हवं होतं. आणि मला हात खाली घ्यायचं धाडस होईना.